साफ केलेली जमीन

ताईंनी आबांची बॅग भरूनच आणली होती. उन्हाळ्याचे कपडे, थंडीचे कपडे, दाढीचं सामान, उशाशी लागणारा रेडिओ, सगळं आबांच्या घरून परस्पर उचलून गाडीच्या डिकीत. माजी सैनिकांच्या इस्पितळाच्या आवारात गाडी लागली तशी त्यांनी डिकी उघडून धाकट्या भावजयीला, धाकटीला, दाखवली.

“इथून थेट माझ्याकडे. खोली रंगवून तयार आहे. आधी त्यांच्या घरी, मग माझ्या घरी, असं करायलाच नको. उगाच जीव अडकतो माणसाचा.”

“आबांना माहीत आहे?” धाकटीने बाळीला कडेवर सावरत विचारलं.

“आज कळेल. तू बोललीयस ना मला फोनवर? मग झालं तर.”

धाकटी फोनवर फक्त “बघू” म्हणाली होती. पण ताईंना कोणी “बघू” म्हटलं की त्या ते “हो”च्या खात्यात टाकत. एवढी वर्षं बालवाडी चालवली होती त्यांनी. नाही म्हणणाऱ्यांशीच गाठ पडायची सवय, त्यामुळे बाकी सगळे त्यांच्या हिशेबी तयारच असत.

आबांची नजर हळूहळू गेली होती, आधी मधली, मग कडेची. मोठ्या सरकारी दवाखान्यात “आता सवय करून घ्या” म्हणून त्यांना वाटेला लावलं. आबांनी सवय केली ती खुर्चीची. एकदा भांडं करपलं, शेजारच्या पडद्याने पेट घेतला, आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्या दिवशी आबा म्हणाले, “कुठे राहायचं ते तुम्ही तिघं एका तोंडाने सांगाल तसं करीन. माझा शब्द.” तिघं म्हणजे दादा, ताई आणि धाकटीचा नवरा. नवरा जहाजाच्या इंजिनात, तीन समुद्र ओलांडून कुठेतरी. त्याने आपलं मत बायकोच्या पदरात टाकलं होतं. “तुला पटेल ते सांग. तू तिथे आहेस, मी नाही.” सासरच्या माणसांत असं मत पदरात पडणं म्हणजे काय, हे त्या इंजिनवाल्याला कुठून कळायचं! तोवर आबांना इथे काठीने चालायला शिकायला ठेवलं होतं, आणि आज ते सुटणार होते.

दादा आधीच येऊन दारात उभा होता, मनगटावरचं घड्याळ बघत. बसडेपोत वेळापत्रकं लावून लावून त्याच्या जिभेलाही मिनिटकाटा फुटला होता.

“उशीर झाला.”

“बाळीचं दूध,” धाकटी म्हणाली.

“तिला माफ. ताईला नाही.”

“तू गप रे. आणि आत काय बोलायचं ते लक्षात आहे ना?”

“आहे. आबा तुझ्याकडे. तुझी बाग आहे, जिने नाहीत, तू दिवसभर घरी. आहे लक्षात.” तो धाकटीकडे न बघता म्हणाला, “तसं बरोबरच आहे म्हणा ते.”

आत शिरल्यावर धाकटीची पावलं आपोआप मंदावली. इस्पितळ म्हणजे फिनाइलचा वास आणि बाकांवर ताटकळलेली माणसं, एवढंच तिला ठाऊक होतं. इथे लांबच लांब कॉरिडॉर होता आणि त्याच्या जमिनीला बोलता येत होतं. मधोमध गुळगुळीत फरशी, भिंतीलगत खरखरीत, दाराशी आली की बारीक उंचवटे. एक म्हातारा काठी फिरवत समोरून आला, उंचवट्यापाशी थबकला आणि बरोबर दारात वळला. पुढच्या खोलीत ओळीने शेगड्या. त्याच्या पुढच्या खोलीत चक्क एक रस्ता होता, छताखाली बांधलेला, पदपथ, त्याची कड, सिग्नलचा खांब, सगळं. तिथे दोन्ही डोळ्यांवर जखमेचे वण असलेला एक तरुण पाय उचलून पदपथाच्या कडेची उंची मोजत होता आणि सारखा हसत होता, स्वतःलाच.

“हे सगळं... फुकट?” धाकटीने हळूच विचारलं.

“फुकट नाही,” मागून आवाज आला. “त्यांनी आधीच देऊन ठेवलंय.”

आखूड केसांची, दणकट मनगटाची बाई होती ती. काठी घेऊन चालायला शिकवणारी. लष्करात ती कधीच नव्हती, पण इथले सगळे म्हातारे तिला ‘कॅप्टन’ म्हणत आणि ती त्यांना तसं म्हणू देई.

“आबांचे ना तुम्ही? या. तुमचे वडील पहिल्या दिवशी काय म्हणाले ठाऊक आहे? मला परत पाठवा. माझे डोळे लढाईत नाही गेले, म्हातारपणाने गेलेत. ही जागा जखमींची आहे, ती मी अडवणार नाही.”

“आमच्या घरीही तेच म्हणायचे,” दादा म्हणाला. “म्हणून तर यायला इतका वेळ लावला.”

“मी म्हटलं, नजर कशी गेली हे आम्ही विचारत नाही. तुम्ही सेवा केलीत, तेवढं पुरे आहे.” कॅप्टन चालता चालता बोलत होती. “मग काठी दिली हातात. तर काय, चालेचनात! काठी तिरपी धरायची, एकेक वीत पुढची जमीन हळूच टोचून बघायची, मग अर्धं पाऊल. कॉरिडॉर संपेना. मागे रांग लागली म्हाताऱ्यांची, शिव्या द्यायला लागले. तेव्हा विचारलं, सेवेत काय करत होतात?”

“सुरुंग काढायचे,” ताई म्हणाल्या.

“तरीच म्हटलं! दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असते ना मी, तर लिहिलं असतं, म्हातारा भित्रा आहे, शिकणार नाही. इथे सुरुंगवाले सगळे तसेच चालतात. तोफखान्यावाल्यांचा एक कान गेलेला असतो, त्यांना गाडी कुठून येतेय ते कळत नाही, त्यांना रस्ता ओलांडायला वेगळं शिकवायचं. ते ठाऊक असावं लागतं आम्हाला.”

“मग आबांना काय सांगितलंत?” धाकटीने विचारलं.

कॅप्टन थांबली. “सांगितलं, आबा, इथली जमीन साफ केलेली आहे. आम्ही स्वतः केलीय. माझ्या शब्दावर चाला.”

“आणि?”

“बराच वेळ उभे राहिले. मग काठी हलकी झाली त्यांची. मनगटात कळतं ते.”

दादा घड्याळ बघायचं विसरला होता. ताई मात्र पर्सचा बंद घट्ट करत म्हणाल्या, “तुमची जमीन साफ आहे हो. बाहेरची कोणी केलीय?”

“बाहेरचं नंतर बघू. आधी तुमची पाळी,” असं म्हणून कॅप्टनने तिघांच्या हातात काळ्या पट्ट्या ठेवल्या. “घरच्या माणसांचा दिवस आहे आज. बाळाला राहू दे, बाकी सगळ्यांनी बांधा.”

धाकटीने पट्टी बांधली आणि बाळीचं वजन एकदम दुप्पट झालं. पायाखालची फरशी कुठे संपते, समजेना. उजवीकडे दादा कशाला तरी धडकला आणि त्या वस्तूला “सॉरी” म्हणाला.

“खुर्ची आहे ती,” पलीकडून आबांचा आवाज आला. खणखणीत, मजेत. “माफ केलं म्हणतेय.”

“आबा!” ताई ओरडल्या. “कुठे आहात तुम्ही?”

“मी आहे तिथेच आहे. तू कुठे आहेस?”

त्यानंतर काय झालं ते धाकटीला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. कॅप्टन ताईंच्या मागे गेली असावी. “चला, चला, हळू हं, इकडे, इकडे वळा, पायरी आहे, आता बसा, बसा म्हणते ना...” आणि चपलांची फरफट, आणि ताईंचा घाबरलेला, कधी न ऐकलेला आवाज. “अहो, ढकलू नका! पडेन मी! सोडा मला!”

फरफट थांबली.

“माफ करा,” कॅप्टन म्हणाली. “मी दोन्ही खांदे मागून धरले तुमचे. घरची माणसं बहुतेक तसंच धरतात. प्रेमानेच धरतात.”

ताईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग काठीचं टोक जमिनीवरून घसरल्याचा मऊ आवाज जवळ आला, आणि आबा म्हणाले, “हे माझं कोपर आहे. वरून धर. घट्ट नको, पिशवी थोडीच आहे. मी अर्धं पाऊल पुढे. मी थांबलो की तू थांब. तुला काही करायचं नाहीये, नुसतं यायचंय.”

“तुम्हाला दिसत नाही, आबा.”

“तुलाही नाही. चल.”

धाकटीने नियम मोडला. पट्टी कपाळावर सरकवून तिने बघितलं. काळ्या पट्टीखाली ताईंचा चेहरा लहान मुलीसारखा वर झालेला, ओठ किंचित उघडे, आणि त्यांच्या अर्धं पाऊल पुढे आबा, ताठ, काठीचा झोका डावीउजवीकडे देत, शेगड्यांच्या खोलीच्या दारातून लेकीला आत नेत होते. दाराच्या चौकटीपाशी त्यांनी कोपर मागे वळवलं, आणि ताई आपोआप त्यांच्या पाठीमागे सरकल्या, एका माणसाच्या जागेत दोघं गेले. धाकटीने पटकन पट्टी खाली ओढली, चोरी पकडली जाईल म्हणून नाही, तर ते जास्त बघायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून.

आत आबांनी सगळ्यांना चहा करून दिला. कपात बोट न घालता, आवाजावरून. दादाने पट्टीसकट स्वतः पाणी ओतायचा हट्ट केला आणि विजार भिजवली.

“लहानपणी बरा होतास, निदान रात्रीच भिजवायचास,” आबा म्हणाले, आणि कॅप्टनसुद्धा हसली. ताईंना हसू आलं नाही. त्यांनी चहा अर्धा टाकला.

दुपारी शेवटची परीक्षा होती. कॅप्टन आबांना गाडीत घालून शहराच्या कुठल्याशा भागात सोडणार. कुठे, ते सांगणार नाही. तिथून त्यांनी एकट्याने इस्पितळाच्या फाटकापर्यंत यायचं. घरच्यांनी हवं तर मागून चालायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

“आणि ही रडली तर?” धाकटीने बाळीकडे बोट दाखवलं.

“रडू दे. रस्त्यात बाळं रडतातच.”

“पडले तर?” ताईंनी विचारलं.

“मी हाताच्या अंतरावर असेन. पडतील असं वाटलं तर धरीन. चुकतील असं वाटलं तर धरणार नाही.”

आबा गाडीतून उतरले ती जागा म्हणजे टायरची आणि लाकडाची दुकानं असलेला रुंद रस्ता. गाडी निघून गेली. आबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. धाकटीला वाटलं, आता घाबरले. मग लक्षात आलं की ते ऊन शोधताहेत. गाल थोडा वळवला, थांबले, पुन्हा वळवला. कुठल्या गालाला ऊन लागतंय त्यावरून दिशा धरली आणि चालू लागले.

नाक्यावर थांबले. सिग्नल सुटला, माणसं गेली, आबा गेले नाहीत. दादा कुजबुजला, “चुकला सिग्नल.” कॅप्टनने ओठावर बोट ठेवलं. आबा नुसते ऐकत होते. पूर्ण एक फेरी त्यांनी गाड्यांना जाऊ दिलं, कुठून येतात, कुठे वळतात, कधी थांबतात. पुढच्या वेळी गाड्या थांबल्या, त्या क्षणी आबांनी काठी पुढे टाकली आणि सरळ, सुतात, पलीकडे. वेळापत्रकं लावणारा दादा त्या पाठीकडे बघतच राहिला. “ओळखली,” तो स्वतःशीच म्हणाला. “एकदा ऐकून वेळ ओळखली त्यांनी.”

पलीकडे रस्ता खणला होता. पाइप टाकायला पदपथ बंद. काठी लोखंडी अडसराला लागली. आबा वळले आणि वळले ते नको त्या गल्लीत. धाकटीला कळलं, दादाला कळलं, ताईंनी तर तोंडावर हात दाबून धरला. गल्ली पुढे एका गोदामाच्या बंद दाराशी संपत होती. आबा दारापर्यंत गेले, पत्र्यावर काठी वाजली. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. ते थांबले.

ऊन तिथे नव्हतं. गाड्यांचा आवाज सगळीकडून घुमून सारखाच येत होता. आबांच्या मानेवर घाम चमकला. त्यांनी एकदा काठी उचलली आणि खाली ठेवली. कुठेच न जाणारं माणूस कसं दिसतं ते धाकटीने पहिल्यांदा पाहिलं. ताईंचं पाऊल पुढे पडलं. दादाने त्यांचा दंड धरला, आणि लगेच, काय आठवलं कोण जाणे, सोडून दिला.

ताई गेल्या नाहीत.

मागच्या जिन्यावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन उतरली, चपला वाजवत, फोनवर कोणाला तरी झापत. आबांनी मान वर केली. या माणसाने आयुष्यात दुकानदारालासुद्धा भाव विचारला नव्हता, लावलेल्या किमतीला घ्यायचं नाहीतर परत यायचं. त्यांनी घसा खाकरला.

“अहो ताई, जरा ऐकता का? माझी वाट चुकलीय. मोठ्या रस्त्याला न्याल?”

“अगंबाई! थांबा, थांबा,” तिने फोन खाली केला आणि येऊन त्यांचं मनगट गच्च पकडलं. आबांनी ते हलकेच सोडवलं.

“तसं नाही. तुमचं कोपर द्या मला. मी धरतो. हं, आता चला, तुमच्या चालीने चला. काय घेतलीत भाजी?”

ती दोघं बोलत बोलत घरच्यांच्या अगदी जवळून गेली. बाळी हात पुढे करून काहीतरी बडबडली. आबांचा चेहरा क्षणभर आवाजाकडे वळला, पण ते थांबले नाहीत.

ताई भिंतीला टेकल्या. “परक्या बाईला मागितलं,” त्या म्हणाल्या. “मला कधी नाही मागितलं काही. एवढं सगळं करते मी. कधी म्हणून काही मागितलं नाही.”

“आपण मागू कुठे दिलं?” दादा हळू आवाजात म्हणाला. “त्यांनी हात पुढे करायच्या आत आपण ग्लास हातात.”

संध्याकाळच्या आत सगळे कॅप्टनच्या खोलीत बसले होते. फाटकापाशी आबा पोचले तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना सलाम ठोकला होता, त्यांना न दिसणारा, तरी ठोकलाच. आबांनी टाचांचा आवाज ओळखून उलट सलाम केला. दादाचे डोळे अजून त्याने लाल होते.

“आता घरचं,” कॅप्टन म्हणाली. “आबा कुठेही राहोत, आमचा माणूस घरी येणार. शेगडीच्या बटणांना खुणा करून देईल, नवीन रस्ते शिकवील, तपासणीला न्यायला गाडी येईल.”

“किती दिवस?” धाकटीने विचारलं.

कॅप्टनला प्रश्न नीट कळला नसावा. “म्हणजे? ते आहेत तोवर.”

आबा म्हणजे कधीकाळचा तो तरुण, धाकटीच्या मनात आलं, ज्याने कुठल्या तरी माळावर पोटावर पडून सळईने जमीन टोचली, म्हणून मागून येणाऱ्यांचे पाय शाबूत राहिले. त्यांतल्या कोणाला त्याचं नाव ठाऊक नसेल. आणि इतक्या वर्षांनी, तो स्वतः विसरायला बसला तेव्हा, कोणीतरी विसरलं नव्हतं. तिला एकदम इतकं मोठं काहीतरी जाणवलं की बाळीला तिने दोन्ही हातांनी धरलं.

“मी सांगतो,” दादा म्हणाला. “आबा त्यांच्या स्वतःच्या घरी.”

“दादा!” ताई गर्रकन वळल्या. “सकाळी काय बोललास?”

“सकाळी बोललो. आता हे बोलतो.”

ताईंनी धाकटीकडे बघितलं. “तू तर मला शब्द दिला होतास.”

या घरात आल्यापासून ताईंना धाकटीने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. बाळंतपणात ताईच उभ्या राहिल्या होत्या, रात्र रात्र. “ताई, मी बघू म्हटलं होतं,” ती म्हणाली. “आज बघितलं. आमचंही मत त्यांच्या घरीच. रागवा हवं तर.”

आता एकट्या ताई उरल्या. एका तोंडाने, असा आबांचा शब्द होता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तोंड एक झालं नसतं, आणि भांडण नको म्हणून आबा मुकाट त्या डिकीतल्या बॅगेमागे गेले असते, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आबा मांडीवर काठी आडवी ठेवून बसले होते. चेहऱ्यावर काही नाही. शब्द दिलेल्या माणसाचा चेहरा.

“आबा,” ताई म्हणाल्या, “तुम्हाला कुठे राहायचंय?”

आबांनी मान वळवली. हे त्यांना एवढ्या महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं.

“माझ्या घरी.”

“मग राहा.” ताईंनी पर्स उघडली, बंद केली. “मी रडतेय, आबा. सांगून ठेवते. तुम्हाला दिसत नाही म्हणून.”

“कळलं. नाक ओढलंस तेव्हाच.” आबांनी काठी बाजूला टेकवली. “तुझ्याकडून एक हवंय मला. देशील?”

ताई दचकल्या. “बोला ना.”

“ही बाळी. ती आली तोवर माझी नजर गेलेली. सगळे सांगतात, आबा, तुमच्यावर गेलीय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतात. विचारायला मला लाज वाटायची. तू खोटं बोलत नाहीस, तेवढा एक गुण आहे तुझ्यात. मला सांग, कशी दिसते ती.”

ताईंनी डोळे पुसले. खुर्ची ओढून त्या धाकटीच्या पुढ्यात आल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि बाळीकडे बघू लागल्या. भेटीगणिक दहादा घेत होत्या त्या तिला, पण असं बघत नव्हत्या.

“तुमच्यासारखी नाहीये,” त्या म्हणाल्या. “अजिबात नाही.”

“बघ! म्हटलं नव्हतं?”

“कपाळ रुंद आहे, तिच्या आईचं. मध्ये एक बारीक शीर दिसते, निळी, ती रडली की ठळक होते. भुवया अजून नाहीतच म्हणा, नुसती छाया. डावा कान उजव्यापेक्षा थोडा पुढे आलाय, हे हिलापण माहीत नसेल.”

धाकटीला माहीत नव्हतं. तिने वाकून बघितलं. खरंच होतं.

“थांब,” आबा म्हणाले. “हळू सांग. कान कसा पुढे, पान असतं तसा?”

“पानासारखा नाही. उघड्या खिडकीसारखा. आणि तुम्ही बोलता ना, तसतसे तिचे डोळे तुमच्याकडे येतात. आत्तासुद्धा. तुमच्या तोंडाकडेच बघतेय ती, आबा. पापणी न हलवता.”

“अजून?”

“अजून,” ताई म्हणाल्या, आणि पुढे सरकल्या. कॅप्टनने उठून बाहेर पाळीसाठी थांबलेल्यांना हाताने ‘जरा थांबा’ अशी खूण केली, दार अलगद ओढून घेतलं आणि स्वतः आतच, दाराला पाठ लावून ऐकत उभी राहिली.